पावस-रत्नागिरी रोजच्या जाण्यायेण्याला स्वस्तातली इलेक्ट्रिक गाडी? टेस्ट ड्राइव्ह घेतली, निर्णय होत नाहीये

सड्यावरची
नमस्कार मंडळी. आमचं घर पावसच्या पुढे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मी नोकरीला रोज रत्नागिरीला, जाऊन येऊन 44 किलोमीटर. आत्तापर्यंत एसटी आणि स्कूटी असं चाललं पण पावसाळ्यात भाट्ये पुलावरचा वारा आणि गोळपच्या चढाचं धुकं आता नको वाटतं. गाडी मीच चालवणार. बजेट ऑनरोड दहा-साडेदहा लाख, म्हणून छोटी इलेक्ट्रिक बघतोय, 24 युनिटची बॅटरीवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की चर्चा भलतीकडेच जाते.

शोरूमवाला सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटं फिरवून आणणार होता, मी म्हटलं मला निवळी घाट उतरून बावनदीपर्यंत जाऊन परत यायचंय, एसी लावून, चार माणसं बसवून. हो-ना करत तयार झाला. साधारण 45 किलोमीटर झाले. निघताना 82 टक्के, परत आलो तेव्हा 58. म्हणजे हिशोबाने पूर्ण चार्जवर 185 च्या आसपास, कागदावर मात्र तीनशेच्या वर लिहिलंय.

चालवायला इतकी सुंदर आहे की काय सांगू. क्लच नाही, गिअर नाही, घाटात ट्रकच्या मागे अडकलो आणि मोकळं मिळाल्यावर जरा पाय दाबला तर गाडी एका दमात पुढे, आमच्या ह्यांची जुनी पेट्रोल गाडी तिथे दुसऱ्यावर टाकून कण्हत चढते. उतरताना रीजन (पाय काढला की गाडी आपोआप हळू होते आणि त्यातून बॅटरीत वीज भरते ते) तीनवर ठेवलं तर ब्रेकला पाय जवळजवळ लागलाच नाही आणि टक्का एकसुद्धा कमी झाला नाही. चढताना मात्र पाच टक्के गेले.

न आवडलेलं पण सांगते. मागे सासरे बसले होते, बॅटरीमुळे खालचा पत्रा वर आलाय त्यामुळे गुडघे वर राहतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही, बावनदीला उतरले तर दोन मिनिटं गाडीला धरून उभे होते. दुसरं म्हणजे स्टेपनी नाही! पंक्चर किट देतात. आमच्या घराकडचा शेवटचा अर्धा किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता आहे, टायर बाजूने फाटला तर त्या किटचा काय उपयोग. आणि हायवेच्या ठिगळांवर मागचं सस्पेन्शन कडक वाटलं.

ज्यांच्याकडे कोकणातच, गावात अशी गाडी आहे त्यांनी सांगा प्लीज. शहरातल्या लोकांचे व्हिडिओ बघून बघून कंटाळले, त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगचा आणि माझ्या अंगणाचा काय संबंध.

वाशिष्ठीकाठ
ताई, मी चिपळूणला वायरिंगची कामं घेतो, 18 वर्षं झाली. गाडीबद्दल बाकीचे सांगतील, मी घरातल्या प्लगबद्दल सांगतो कारण गेल्या वर्षभरात मला आलेले निम्मे फोन तेच, "नवी गाडी घरी आणली, चार्जरवर लाल दिवा लागतो, चार्जिंगच घेत नाही". गाडीत काही बिघाड नसतो, घराचं अर्थिंग नसतं. चार्जर आधी अर्थिंग तपासतो, ते बरोबर नसेल तर करंट सोडतच नाही, आणि ते तुमच्याच जिवासाठी आहे, अर्थिंगला बगल देणारे अॅडॉप्टर बाजारात मिळतात ते कृपया लावू नका.

आपल्या सड्यावर हा त्रास जास्त. कातळ, वर वीतभर माती, मे महिन्यात ठणठणीत कोरडं. अर्थिंगचा पाइप दोन फुटावर कातळाला लागतो आणि वायरमन तिथेच सोडून देतो. पावसाळ्यात दिवा हिरवा, उन्हाळ्यात लाल, असं पण होतं. मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या, पाचाच्या आत असला तर बरं. दुसरं, गाडी साधारण तीन किलोवॉट ओढते ती सलग आठ-नऊ तास. मिक्सर-इस्त्रीच्या प्लगवर हे चालवायचं नाही, मी वितळलेले सॉकेट काढलेत. मीटरपासून स्वतंत्र 4 एमएमची वायर, चांगल्या कंपनीचा 16 अँपिअरचा सॉकेट, त्याला वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आणि आरसीडी (करंट गळला की लाइट तोडणारा). बिलावर मंजूर भार बघा, एकच किलोवॉट असेल तर वाढवून घ्या.

कुडाळकर_७
माका विचारशात तर घेवा! आता नीट लिहितो :) माझ्याकडे अशीच छोटी गाडी आहे, दीड वर्ष झालं, 27 हजार किलोमीटर. कुडाळ, सावंतवाडी, मालवण, कधी पणजी.

तुमचा 185 चा आकडा अगदी बरोबर आहे, मला पण 180 ते 200 मिळतात. कागदावरचा आकडा टेस्टिंगमधला असतो, त्यात ना आपले घाट ना चार माणसं. तुमचं रोजचं 44 म्हणजे तीन-चार दिवसांतून एकदा चार्ज लावला तरी भागेल.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. तुमचं घर सड्यावर, म्हणजे सकाळी निघाल्या निघाल्या उतार. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर उतारावर तयार होणारी वीज ठेवायला जागाच नसते, मग रीजन जवळजवळ लागत नाही आणि गाडी एकदम सुटल्यासारखी वाटते, पहिल्यांदा मी घाबरलो होतो. ब्रेक असतात, प्रश्न तो नाही, पण पायाला सवय रीजनची झालेली असते. म्हणून रोज 85-90 ला थांबवा. मात्र बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर अधूनमधून शंभर करावी लागते, नाहीतर टक्क्यांचा आकडा खोटा दाखवायला लागते.

आणि खारा वारा. रीजनमुळे ब्रेक वापरलेच जात नाहीत, डिस्कवर गंज धरतो, पावसाळ्यात दोन दिवस उभी राहिली तर नारिंगी होते. आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर रीजन शून्यावर आणून चार-पाच वेळा दाबून ब्रेक मारा. चार्जिंगच्या झाकणाचं रबर कोरड्या फडक्याने पुसत जा.

स्टेपनीचं तुम्ही म्हणताय ते शंभर टक्के खरं. मी त्याच मापाची पाचवी रिम आणि टायर घेतला, डिकीत आडवा ठेवतो, निम्मी डिकी गेली. चालेल, पण रात्री कशेडीत अडकण्यापेक्षा बरं.

सड्यावरची
दोघांचे मनापासून आभार, असंच हवं होतं. बिल किती वाढतं? आणि लाइट गेली की काय करता? आमच्याकडे जूनमध्ये एकदा झाड पडलं की दोन दोन दिवस येत नाही.

कुडाळकर_७
तुमचं महिन्याला हजार-अकराशे किलोमीटर धरा. युनिटला सरासरी 8 किलोमीटर, वर चार्जिंगमध्ये जाणारी वीज, म्हणजे 150-160 युनिट. आता बिल 100 युनिटच्या आत असेल तर हे युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातील, 300 च्या वर गेलात की दर चांगलाच चढतो. तरी दीड-दोन हजारात महिना बसतो. तेवढंच पेट्रोलवर फिरलात तर सहा-साडेसहा हजार. छपरावर सोलर असेल तर बोलायलाच नको.

लाइटसाठी माझा नियम एकच, जून ते सप्टेंबर बॅटरी साठच्या खाली जाऊ देत नाही. हवामान खात्याचा इशारा आला की आदल्या रात्री भरून ठेवतो. साठ टक्के म्हणजे शंभर किलोमीटर, दवाखान्यात जाऊन परत यायला पुरतं.

गावाकडचा_बोरिवलीकर
मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. रोजच्यासाठी घ्या, पण ही घरातली एकमेव गाडी असेल तर घेऊ नका. मागच्या गणपतीत अशीच छोटी गाडी घेऊन बोरिवलीहून राजापूरला निघालो, पावणेचारशे किलोमीटर, दोन चार्जिंग धरून नऊ-दहा तास लागतील असा हिशोब होता, लागले सतरा. एका ठिकाणी चार्जिंगच्या दोन गनपैकी एक बंद, पुढे तीन गाड्या, प्रत्येकीला तासभर, मुलं रडकुंडीला आलेली, आई मागच्या सीटवर अवघडून गेलेली (ते गुडघ्यांचं मला पटलं). परत येताना पेणच्या पुढे 11 टक्क्यांवर जी धाकधूक झाली ती विसरणार नाही. सणाच्या आठवड्यात हायवेवर ह्या गाडीने येणं मी तरी परत करणार नाही.

अजून एक, गाडी गावी ठेवून आम्ही दीड महिना मुंबईला होतो, आलो तर दरवाजासुद्धा उघडेना. मोठी बॅटरी 70 टक्के होती, पण ह्या गाड्यांना साधी 12 व्होल्टची बॅटरी पण असते, ती उतरलेली.

वाशिष्ठीकाठ
पाण्याबद्दल राहिलं. शोरूममध्ये सांगतात बॅटरी आयपी 67 आहे. त्याचा अर्थ एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास, एवढाच. 22 जुलै 2021 ला आमच्या बाजारपेठेत जे पाणी आलं ते स्थिरही नव्हतं आणि एक मीटरही नव्हतं. पर्ह्यावरून (ओढ्यावरच्या रस्त्यावरून) पाणी जात असेल तर गाडी अलीकडेच थांबवा, कुठलीही असो. विमा घेताना बॅटरी आणि चार्जर दोन्ही त्यात धरलेत का वाचून घ्या, मूळ पॉलिसीत नसेल तर वरचे थोडे पैसे भरून घ्या.

सड्यावरची
बोरिवलीकर दादा, राग कसला, बरं झालं लिहिलंत. आमची पेट्रोल गाडी ठेवणारच आहोत, मुंबईला आणि सासऱ्यांना घेऊन कोल्हापूरला डॉक्टरकडे जायला तीच.

काल वायरमन येऊन गेला. न्यूट्रल-अर्थ 14 व्होल्ट! जुना पाइप उपटून बघितला तर दीड फूटच आत होता. सासरे म्हणाले न्हाणीचं पाणी ज्या माडाच्या आळ्यात जातं तिथे माती खोल आहे आणि मे महिन्यातसुद्धा ओलावा असतो, तिथे खड्डा घ्या. आज सकाळी गड्याने पहार मारून साडेसहा फूट नेला, कातळ लागला नाही. कोळसा-मीठ भरून नवीन पाइप, तिथून मीटरपर्यंत वायर. आत्ता मोजलं, 2 व्होल्ट.

शोरूमवाल्याला सांगितलंय रविवारी टेस्टची गाडी आमच्याकडे आणून अंगणात दोन तास चार्जिंगला लावून दाखव, हिरवा दिवा दिसला आणि सॉकेट गरम झाला नाही तर बुकिंगचे पैसे देते. तयार झालाय. रात्री कळवते काय झालं ते.