मदत हवी आहे: लेखक-परिचयातले दावे कसे तपासावेत?

मंडळी,
ऑनलाइन जाहिरात, डिजिटल माध्यमं आणि गुंतवणूक यांवर मराठी लेख देणाऱ्या एका छोट्या संकेतस्थळाचं संपादन करते. लेखक चार: निवृत्त बँक अधिकारी, एक सीए, जाहिरात एजन्सी चालवणारे एक जण आणि शेअर बाजारावर लिहिणारा एक तरुण. परिचय त्यांनीच पाठवलेत. '२० वर्षांचा अनुभव', 'गुगल सर्टिफाइड', 'संस्थापक', 'बाजारतज्ज्ञ' असे शब्द आहेत. काय ठेवावं, कशाचा पुरावा मागावा?

प्रतिसाद १
आधी शेअर बाजारवाल्याचं बघा, कारण तिथे वाचकाचे पैसे बुडू शकतात. ठरावीक शेअरचं नाव घेऊन 'घ्या', 'विका' किंवा टार्गेट (भाव कुठवर जाईल ते) सांगत असेल, तर सेबी या बाजार नियामक संस्थेच्या २०१४च्या नियमांखाली रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. हा क्रमांक 'आयएनएच'ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'ने. सेबीच्या साइटवरच्या यादीत क्रमांक आणि नाव दोन्ही जुळवा; नुसता स्क्रीनशॉट घेऊ नका.

इथे दोन घोळ नेहमी होतात. एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा पास होणं म्हणजे नोंदणी नव्हे. आणि एआरएन (म्युच्युअल फंड विकणाऱ्यांचा नोंदणी क्रमांक) असलेला माणूस म्युच्युअल फंड वितरक असतो, त्याला 'सल्लागार' लिहू नका. नोंदणी नसेल तर त्याच्याकडून संकल्पना समजावणारे लेख घ्या, टिप्स नकोत. टार्गेट देऊन खाली 'फक्त शैक्षणिक हेतूने' लिहिल्याने काही सुटत नाही.

प्रतिसाद २
'२० वर्षांचा अनुभव' हे वाक्य सरळ काढा. कुठल्या खात्यात, कुठल्या पदावर, कुठल्या वर्षापर्यंत, ते विचारा. कर्ज विभागातला अधिकारी छोट्या उद्योगाच्या खेळत्या भांडवलावर अधिकाराने लिहील. यूपीआयच्या तांत्रिक बाजूवर लिहीलच असं नाही. वाचकाला तोच फरक कळायला हवा.

सीएंकडून आयसीएआय या त्यांच्या संस्थेचा सहा अंकी सदस्य क्रमांक घ्या.

'संस्थापक' असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनी शोधा, स्थापनेची तारीख मिळते. एकल मालकीचा व्यवसाय तिथे दिसत नाही, म्हणून सापडलं नाही की लगेच खोटं ठरवू नका. जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटी पोर्टलवर टाका. नोंदणीतलं कायदेशीर नाव आणि व्यवसायाचं नाव दोन्ही दिसतात.

धागाकर्ती
खूप आभार. एजन्सीवाल्यांकडे 'गुगल पार्टनर' बॅजही आहे. तो परिचयात चालेल?

प्रतिसाद २
बॅज एजन्सीचा असतो, माणसाचा नाही. त्यासाठी ९० दिवसांतला जाहिरात खर्च, खात्यांचा ऑप्टिमायझेशन स्कोअर (जाहिरात खाती किती नीट चालवलीत याचे गुण) आणि किती कर्मचारी प्रमाणित आहेत हे बघतात. लेखनाशी त्याचा संबंध नाही. 'गुगल सर्टिफाइड' म्हणजे बहुधा स्किलशॉप या गुगलच्या प्रशिक्षण साइटची परीक्षा: फुकट असते, ८० टक्के गुण लागतात आणि प्रमाणपत्र एक वर्षच चालतं. म्हणून कुठलं प्रमाणपत्र आणि कधीपर्यंत, हे लिहा, नाहीतर वगळा.

मला याहून महत्त्वाचं वाटतं ते हितसंबंध. लेखात ज्या कंपनीचं किंवा साधनाचं नाव येतं ती त्यांची ग्राहक असेल, किंवा लिंकवर कमिशन मिळत असेल, तर तसं लेखाच्या सुरुवातीलाच लिहा. परिचयाच्या पानावर ते कोणी वाचत नाही.

प्रतिसाद ३
तांत्रिक भर: लेखाखाली दोन-तीन ओळींचा परिचय पुरे, सविस्तर माहिती लेखकाच्या स्वतंत्र पानावर द्या. स्कीमा मार्कअपमध्ये (सर्च इंजिनला पानाची माहिती देणारा कोड) लेखकाच्या 'नेम' रकान्यात फक्त नाव; 'सीए', 'डॉ.', 'लेखक:' असलं काही नको. दोन लेखक असतील तर दोन वेगळ्या नोंदी करा, स्वल्पविराम देऊन एकत्र कोंबू नका. 'यूआरएल'मध्ये त्या पानाचा पत्ता आणि 'सेमअ‍ॅज'मध्ये त्याच लेखकाचं इतरत्र असलेलं पान, उदा. लिंक्डइन.

मराठीत हमखास चुकतं ते नावाचं लेखन. एकदा 'कुलकर्णी', एकदा 'कुळकर्णी' असं होऊ देऊ नका. देवनागरी आणि रोमन, दोन्ही रूपं एकदा ठरवून लेखकाच्या पानावर लिहून ठेवा. पदं आणि नोंदणी क्रमांक दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.