शुगर + मूतखडा + थंडीताप : तुमच्या घरचे अनुभव लिहा

आईपासून सुरुवात करते. वय ६४, शुगर १५ वर्षं जुनी, उजव्या किडनीत खडा आहे हे दोन वर्षांपासून माहीत होतं पण "दुखत नाही ना, मग राहू दे" असं चाललेलं. एका रात्री हुडहुडी भरून ताप, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात, आणि सकाळी ती मला मावशीच्या नावाने हाक मारायला लागली. आम्ही मलेरिया, डेंग्यू तपासत बसलो कारण लघवीला जळजळ अजिबात नव्हती. सीटी केला तेव्हा कळलं, खडा खाली सरकून नळीत अडकलाय आणि वर पू तुंबलाय. युरॉलॉजिस्ट म्हणाले खडा राहू दे, आधी वाट मोकळी करू, तुंबलेल्या किडनीत अँटिबायोटिक नीट पोचतच नाही. त्याच रात्री डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत आतून ठेवायची बारीक नळी) टाकला. तरी सहा दिवस आयसीयू. तुमच्याकडे काय झालं, लिहा.

सोलापूरकर
माझं स्वतःचं. ट्रक चालवतो, वाटेत सारखं थांबायला नको म्हणून पाणीच कमी प्यायचो, उन्हाळ्यात सुद्धा. कंबरेत दुखायचं तर ड्रायव्हर लोकांचं दुखतंच म्हणून बाम लावला. ॲडमिट झालो तेव्हा शुगर ४८०, आणि सीटीत किडनीत हवा! मला वाटलं मशीन बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलं जंतू तिथली साखर खाऊन गॅस करतात, हे जास्त करून शुगरवाल्यांनाच होतं. पूर्वी अशी किडनी बऱ्याचदा काढूनच टाकायचे म्हणे, माझं पाठीतून नळी घालून आणि इन्सुलिनवर भागलं. पिशवी कंबरेला लावून महिनाभर घरात बसलो, पोरं हसायची.

धाकटी जाऊबाई
सासूबाईंना दर दोन महिन्यांनी इन्फेक्शन. दर वेळी मेडिकलवाला तीन दिवसांच्या गोळ्या द्यायचा, बरं वाटायचं, परत तेच. शेवटी नव्या डॉक्टरीणबाई चिडल्या, गोळी घ्यायच्या आधी कल्चर (लघवीतले जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी) का नाही केलं? रिपोर्टला दोन-तीन दिवस लागले आणि निम्म्याहून जास्त औषधांपुढे आर. म्हणजे ती लागूच पडणार नाहीत. त्यात सोनोग्राफीत मोठा खडा निघाला, जंतू त्यातच दडून बसतात, मग गोळ्यांनी जाणार कसे? हुलग्याचं कढण आणि पानफुटी आम्ही पण सगळं केलं हो, एवढा मोठा खडा त्याने हलला नाही.

विसरभोळा
स्टेंट काढायची तारीख लिहून ठेवा!! वडिलांचा तीन महिन्यांत काढायचा होता, बरं वाटतंय म्हणून गेलोच नाही, चौदा महिने आत. त्यावरच खड्यासारखं कवच चढलं. काढायला दोन ऑपरेशन्स.

नागपूरहून
एक विचारायचं होतं. काकांना शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन चालू आहे, ती गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते ना, त्यांना तिथे खाज सुटली, फंगल निघालं. लाजेपायी कोणाला बोलले नाहीत बिचारे. खडा पण आहे त्यांना. मनाने बंद करावी का?

धागा काढणारी
@नागपूरहून, मनाने नको, पण आजच फोन करा आणि खड्याचं नक्की सांगा. आईलाही हीच गोळी होती. ताप-उलट्या असतील, जेवण जात नसेल तर लगेच डॉक्टरांना विचारून थांबवायची असं आम्हाला आता लिहूनच दिलंय, कारण मीटरवर साखर फार नसताना पण कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं, फार वाढली तर जिवावर बेततं) वाढू शकतात.

@विसरभोळा, तुमचं वाचून फ्रीजवर तारीख चिकटवली. आईला स्टेंट टोचतो, अर्ध्या अर्ध्या तासाला बाथरूम, मधेच लघवी लालसर, मला रोज शिव्या घालते. सोमवारी परत कल्चर दिलंय. स्वच्छ आलं तर शुक्रवारी लेझरने खडा काढतील, नाहीतर आधी परत अँटिबायोटिक.