संगणक हवा तेवढा वेगवान झाला, तर प्रारूपे सोपी करण्याची गरज उरेल का?

प्रश्न (सोलापूर)
गेल्या सप्टेंबरात एका संध्याकाळी जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचले होते, आणि त्याच वेळी पार्क चौकातून आलेल्या भावाच्या दुचाकीवर धूळ तशीच होती. २०२५ मध्ये देशात सुरू झालेले नवे हवामान प्रारूप (म्हणजे संगणकावर अंदाज काढणारी समीकरणांची मांडणी) नकाशाचे चौकोन पाडून गणित करते, आणि त्याचा एकेक चौकोन ६ किलोमीटरचा आहे. म्हणजे ही दोन्ही ठिकाणे एकाच चौकोनात बसू शकतात आणि त्यातले ढग सरासरीच्या सूत्रानेच धरावे लागतात. असे सुलभीकरण ही निव्वळ यंत्राच्या तोकडेपणापायी केलेली तडजोड समजावी, की त्यातून काही ज्ञानही मिळते?

उत्तर १
निव्वळ तडजोड म्हणणे मला पटत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ च्या पुस्तकात २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचे गणित जवळजवळ पूर्ण समीकरणे घेऊन हाताने केले, तेव्हा सहा तासांत वायुदाब १४५ मिलिबारने चढेल असे अचाट उत्तर आले. प्रत्यक्षात दाब फारसा हललाच नव्हता. दोष आकडेमोडीच्या संथपणाचा नव्हता. सुरुवातीच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता, त्यामुळे गणितात खोट्या गुरुत्वलहरी (हवेचे वेगाने पसरणारे वर-खाली हेलकावे) उसळल्या. १९५० मध्ये हवामानशास्त्रज्ञ चार्नी व फ्योर्टोफ्ट आणि गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकावर जे समीकरण चालवले, त्यात वातावरण एकाच थराचे मानले होते आणि त्या लहरींना वावच नव्हता. तरी (खरे तर म्हणूनच) अंदाज कामाचे निघाले. चोवीस तासांच्या अंदाजाला यंत्राला साधारण तेवढाच वेळ लागला, हे खरे. पण काय गाळायचे ते यंत्राने नव्हे, सिद्धांताने ठरवले.

उत्तर २
उदाहरण उत्तम, पण अर्धेच. आजची प्रारूपे पुन्हा रिचर्डसन यांच्या मूळ समीकरणांजवळ आली आहेत, म्हणजे चार्नींचे सुलभीकरणही संगणकाची ऐपत वाढताच मागे पडले. विज्ञानाचे तत्त्वज्ञ अर्नन मॅकमुलिन यांनी १९८५ मध्ये ज्याला गॅलिलिओच्या वळणाचे आदर्शीकरण म्हटले, ते हेच: आज सोपे करायचे, उद्या तपशील परत घालायचा. ही ऐपत मात्र महाग पडते. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, काळाची पायरीही निम्मी करावी लागते, आणि काम आठपट वाढते.

उत्तर १ (पुन्हा)
मान्य. तरी आजची प्रारूपे सुरुवातीच्या नोंदी आधी जुळवून घेतात, आणि कशाशी काय जुळवायचे याची समज चार्नींच्या त्या टाकून दिलेल्या सोप्या समीकरणांच्या अभ्यासातूनच आली.

प्रश्नकर्ता
मग माझ्या प्रश्नातले ढगांचे सरासरीचे सूत्र उद्या गेले, तरी हवेची अस्थिरता मोजणारी त्यातली राशी टिकेल, असे समजू का?