नाट्यवर्गाच्या हॉलचा किराया वाढला, शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मदत हवी आहे (इंदूर)

पडदा_वर
रामबागेत मुलांचा नाट्यवर्ग चालवते. मकानमालकांनी हॉलचा किराया १८,००० वरून २४,००० केलाय, १ जुलैपासून. हो की नाही ते शनिवारी सांगायचंय. फी वाढवली तर मुलं जातील, नाही वाढवली तर वर्गच जाईल. गेल्या वर्षभरात फी वेळेवर येत नाही. कुणाच्या बाबांची नोकरी गेली, कुणाचं कापडाचं दुकान बसलं. डिसेंबरच्या नाटकाची वाचनं झालीत, पात्रं वाटून झालीत. फी किती वाढवावी एवढंच सांगा. "छंद म्हणून करा" असं कृपा करून सांगू नका, चौदा वर्षं हेच काम करतेय.

रंगपट_जुना
मुलं किती, वय काय, आत्ता फी किती, हे काहीच लिहिलं नाहीत. आकडा कसा सांगणार? बाकी हॉल हवाच कशाला? आमच्या तालमी एका वाड्याच्या चौकात व्हायच्या, किराया शून्य. मालकीणबाईंना प्रयोगाला पहिल्या रांगेतली खुर्ची आणि दिवाळीला फराळाचं ताट. हॉल सोडा.

पडदा_वर
काका, ते वाडे पडून तिथे आता पार्किंग झालंय. मुलं ३८, वय ९ ते १७. फी महिना ८००.

सीए_सुदामानगर
वर्ग तुमच्या नावावर आहे की संस्थेच्या? जीएसटीत कलेचं प्रशिक्षण एखादी व्यक्ती देत असेल तर करमाफी आहे, संस्था देत असेल तर नाही. अर्थात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर नोंदणीच लागत नाही. डिसेंबरला तिकीट लावणार असाल तर नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरही कर नाही.

पडदा_वर
कराचं मी विचारलंच नाही हो. किरायाचं विचारतेय. संस्था आहे, १९७३च्या सोसायटी कायद्याखाली दोन वर्षांपूर्वी नोंदवली.

हिशोबी
३८ गुणिले ८०० म्हणजे ३०,४००. नवीन किराया देऊनही ६,४०० उरतात. अडचण कुठे आहे?

पडदा_वर
सगळे कुठे देतात! २२ जण पूर्ण, ७ जण अर्धी, ९ जण काहीच नाही. हातात येतात २०,४००. दोन शिक्षकांना सहा-सहा हजार, वीज-पाणी-झाडलोट २,५००. मी स्वतः काही घेत नाही.

हिशोबी
हे आधी लिहायला हवं होतं. म्हणजे आजच खर्च ३२,५०० आहे आणि १२,१०० तुम्ही घरातून घालताय. जुलैपासून १८,१०० घालावे लागतील. ही तूट पूर्ण फी देणाऱ्या २२ जणांवर टाकली तर प्रत्येकी ८२३ रुपये जास्त, म्हणजे फी दुपटीच्या वर. फी वाढवून हे सुटणारं नाही. वर्ग आठवड्यात किती तास असतो?

सियागंज_दुकानदार
सरळ गोष्ट आहे. ज्या नऊ जणांची फी नाही त्यांना थांबवा. मी दुकानात उधारी बंद केली तेव्हाच दुकान वाचलं. दया मनात ठेवा, वहीत नको.

आई_दोघांची
दादा, तुमच्या दुकानातला माल आणि ही मुलं यात फरक आहे. माझी मुलगी दुसऱ्या एका वर्गाला जायची. तीन महिने फी थकली तर त्यांनी नावं फळ्यावर लिहिली. आम्ही चौथ्या महिन्यात सगळे पैसे भरले, पण ती परत गेली नाही. आजही स्टेजचं नाव काढलं की आतल्या खोलीत जाते. ताई, काहीही करा, पण हे करू नका. पालकांना बोलवा, हिशोब समोर ठेवा. आम्हाला कुणी सांगतच नाही की वर्ग कशावर चालतो.

पडदा_वर
फळ्यावर नाव मी कधीच लिहिणार नाही. त्या नऊ जणांत नाटकातला राजा आहे, त्याचे वडील लोडिंग रिक्शा चालवतात. मुलगा पाठांतराला कधी चुकला नाही.
हिशोबी, मंगळवार-गुरुवार दोन-दोन तास, रविवारी तीन.

हिशोबी
@सियागंज, नऊ मुलं काढली तर किराया एक रुपयाने तरी कमी होईल का? शिक्षकांचा पगार कमी होईल का? नाही. मग मुलं काढून मिळालं काय?
ताई, आठवड्याला ७ तास, महिन्याला साधारण ३०. २४,००० भागिले ३०, म्हणजे तासाला ८०० रुपये. तुम्ही पूर्ण महिन्याची जागा घेता आणि बाकी वेळ तिला कुलूप असतं. एक तर रिकामे तास दुसऱ्या कुणाला द्या, नाहीतर तासांवर जागा घ्या.

पडदा_वर
सकाळी योगवर्गाला द्यायचं ठरवलं होतं. मालक पोटभाडेकरू चालू देत नाहीत.

अनुदान_माहितगार
केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची रेपर्टरी ग्रँट (नाट्यमंडळी, कलापथकांसाठीचं अनुदान) आहे, गुरू आणि शिष्यांना मासिक मानधन मिळतं. शिवाय सीसीआरटीची (केंद्राची सांस्कृतिक प्रशिक्षण संस्था) शिष्यवृत्ती १० ते १४ वयाच्या मुलांना वर्षाला ३,६०० रुपये देते, प्रशिक्षणाची फी वेगळी. तिथे पारंपरिक आणि दुर्मीळ कलांवर भर असतो. माळव्याचं लोकनाट्य माच शिकवायला घ्या, मुलांना संधी आहे.

सीए_सुदामानगर
शनिवारच्या प्रश्नाला पुढच्या वर्षीचं उत्तर नको. अनुदानाचे पैसे हातात पडेपर्यंत तीन वेळा किराया द्यावा लागेल. आणि ताई, कुणी सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) म्हटलं तर त्यामागेही आत्ता धावू नका. त्याला १२ए, ८०जी या आयकराच्या नोंदण्या आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो, मग नोंदणीचा सीएसआर-१ फॉर्म. १२ए केलंय का?

पडदा_वर
नाही केलं.

सीए_सुदामानगर
करून घ्या. आज नाही, पण या वर्षात.

अनुदान_माहितगार
मी आजचा किराया द्या म्हटलं नव्हतं. चौदा वर्षांत एकदाही अर्ज केला नाही म्हणून तर ही वेळ आली.

रंगपट_जुना
माच वगैरे ठीक आहे, पण वर्ग मराठी आहे ना? मराठीच राहू दे. इथे पोरांना "चांगला"तला च म्हणता येत नाही, हिंदी चायसारखा म्हणतात. ळचा तर सरळ ल होतो.

खंडवारोड_रसिक
काका, त्यासाठीच तर असे वर्ग हवेत. इंदूरला मराठी नाटकाला माणसं नाहीत असं नाही. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या प्रयोगांना प्रेक्षकांचे पाच गट आहेत, यूसीसीत (विद्यापीठाच्या सभागृहात) एकाच नाटकाचे पाच प्रयोग होतात. पण ती नाटकं मुंबई-पुण्याहून येतात. इथली पोरं स्टेजवर उभी राहायला शिकणार कुठे? नववीत गेली की भंवरकुआंच्या कोचिंगला जातात आणि नाटक संपतं.

पडदा_वर
३८ पैकी १५ मुलांच्या घरी मराठी बोलतच नाहीत. त्यांनीही ळ शिकून घेतला, तीन महिने रोज "बाळ, फळा, आभाळ" म्हणत होती. आता आपल्या आजीचं बोलणं कळायला लागलं असं एका मुलीने येऊन सांगितलं. तिची आजी मराठी, आई हिंदीभाषक. पण आज गुरुवार आहे, मला जागेचं सांगा.

आई_दोघांची
शाळेत विचारलंत का? पाचनंतर प्रार्थनेचा हॉल रिकामाच असतो.

पडदा_वर
शाळा विमा, सुरक्षा असं सांगून नाही म्हणतात. दोन ठिकाणी ऐकून आले.

खंडवारोड_रसिक
किराया देते असं सांगितलंत की काही देते असं? शाळेला पैशापेक्षा स्नेहसंमेलनाची चिंता असते. त्यांचं संमेलनाचं नाटक बसवून देते म्हणा. आमच्या कॉलनीतल्या शाळेत नाचाचे सर असेच आले आणि आता आठ वर्षं तिथेच आहेत.

पडदा_वर
(शुक्रवार रात्र) तिसऱ्या शाळेत गेले, रसिक म्हणाले तसं बोलले. मुख्याध्यापिका तयार आहेत. मंगळवार-गुरुवार साडेपाच ते साडेसात, पैसे नाहीत, बदल्यात संमेलनाचं नाटक आणि सहावी-सातवीला महिन्यातून एकदा आवाजाचा तास. चौकीदार सात चाळीसला गेट बंद करतो, तेवढी शिस्त मी पाळीन.
संध्याकाळी पालकांना बोलावलं. वहीतला हिशोब नाव न घेता वाचून दाखवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग राजाचे वडील उठले, महिन्याला २०० देईन म्हणाले, आणि सामान हलवायला गाडी फुकट. आणखी एकांनी त्यांच्या सोसायटीचा क्लबहाउस सांगितला, रविवारचे ५००. म्हणजे शिक्षक १२,०००, रविवार २,००० ते २,५००, झाडलोट हजार. येणाऱ्या पैशांत बसतं. फी आहे तेवढीच ठेवतेय. शिक्षकांचा पगार कमी करणार नाही. उद्या मालकांना नाही सांगेन.

हिशोबी
उरतील त्यातून पहिले तीन महिने काही खर्च करू नका. बाजूला ठेवा.

पडदा_वर
ठेवीन. पण आता नवीनच अडचण. हॉलमध्ये आमचे फ्लॅट (देखाव्याच्या उभ्या चौकटी), लेव्हल्स (स्टेजवरचे चौथरे), पडद्यांच्या दोन ट्रंका आणि राजाचं सिंहासन आहे. शाळेत ठेवू देत नाहीत. पाऊस सुरू झालाय, गच्चीवर ठेवता येणार नाही. रामबाग-नारायण बागेच्या आसपास कुणाकडे कोरडी जागा आहे का?

रंगपट_जुना
माझ्याकडे जिन्याखाली खोली आहे. ओल येत नाही. पण छत सहा फुटांवर. फ्लॅट आडवे ठेवावे लागतील. सिंहासन किती उंच?

पडदा_वर
पाच फूट आठ इंच. वरचा कळस निघतो.

रंगपट_जुना
मग रविवारी सकाळी आणा. मी घरीच आहे.