टोल किती काळ आणि कोणाकडून किती?

'रस्त्याचा खर्च निघाला की टोल बंद व्हायला हवा' हा नेहमीचा मुद्दा मला अर्धाच पटतो. खर्च म्हणजे नुसती खडी-डांबर नव्हे. कर्जाचं व्याज वर्षानुवर्षं चालू राहतं, देखभाल तर संपतच नाही. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीत कंत्राटदार पैसा उभा करून रस्ता बांधतो, ठरावीक वर्षं टोल घेतो आणि मग रस्ता सरकारला देतो; त्यात वाहनं कमी आली तर तोटा सहसा कंत्राटदाराचा, म्हणून वसुलीची मुदतही लांब असते. मात्र जमाखर्चाचे आकडे लोकांसमोर असलेच पाहिजेत, त्यात तडजोड नको.

ट्रकला जास्त टोल का, हेही कोणीतरी विचारलंय. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान खास बांधलेल्या रस्त्यांवर सतत ट्रक चालवून चाचणी घेतली गेली. अ‍ॅक्सलवरचा (म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरचा) भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण १६ पट होते, असं त्यातून दिसलं. मोटारीमुळे होणारी झीज त्यापुढे नगण्यच! म्हणून अनेक ठिकाणी दर अ‍ॅक्सलच्या संख्येवर ठरतात. माझ्या मते ते प्रत्यक्ष वजनावर ठरावेत. नाहीतर दोन अ‍ॅक्सलचा, क्षमतेपेक्षा जास्त भरलेला ट्रक रस्ता जास्त उखडतो आणि टोल मात्र कमी भरतो.