10 मीटर एअर रायफल: अडकलेल्या स्कोअरसाठी नवी रायफल घेऊ का?

पाचवी लेन
नमस्कार. मी 10 मीटर एअर रायफल खेळते. सध्या क्लबची कॉम्प्रेस्ड एअरची जुनी रायफल वापरते, लाकडी स्टॉकची (दस्त्याची). 60 शॉट्सना 610 च्या आसपास स्कोअर येतो आणि तिथेच अडकलाय. स्पर्धेत शेजारी अ‍ॅल्युमिनियम स्टॉकच्या वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ दिसल्या की वाटतं, आपल्याच बॅरलमध्ये आता दम राहिला नाही. शॉट छान सुटला असं वाटतं आणि स्क्रीनवर 9.6 येतो, बहुतेक वेळा उजवीकडे. घरचे नव्या रायफलसाठी मदत करायला तयार आहेत, म्हणूनच त्यांचे पैसे नको तिथे जाऊ नयेत असं वाटतं. नव्या रायफलने खरंच किती फरक पडतो?

छरे आणि हवा
बॅरलला दोष द्यायच्या आधी ती तपासून घे. रायफल क्लॅम्पमध्ये बांधायची आणि चपट्या डोक्याच्या मॅच पेलेटचे (स्पर्धेच्या छऱ्यांचे) वेगवेगळे लॉट, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपा, मारून बघायचे. डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर असा डबीवर लिहिलेला असतो, पण एकाच मापाच्या दोन लॉटमध्येसुद्धा फरक सापडतो. प्रत्येक लॉटचे दहा शॉट एकाच कार्डावर घे. बॅरल साफ केली असेल तर सुरुवातीचे काही शॉट मोजू नकोस.
आणखी एक, सिलिंडरवरची तारीख बघ. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरची मुदत साधारण 10 वर्षं असते आणि ती संपलेली नाही ना, हे बघणं खेळाडूचंच काम. आत 200 बारची हवा असते, तिथे चालढकल नको.

कोचताई
वरचा सल्ला अगदी बरोबर आहे. कार्ड हातात आलं की नुसतं बघू नकोस, हिशेब मांड.
दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेलेट साडेचार मिलिमीटरचा. पेलेटची कड ठिपक्याला नुसती लागली तरी 10.0 मिळतो, म्हणजे पेलेटचा मध्य 2.5 मिलिमीटर लांब असतानाही. तिथून आत येताना दर पाव मिलिमीटरला 0.1 वाढतो. आता समज, क्लॅम्पमधल्या ग्रुपचं, म्हणजे दहा शॉट्सचं मिळून झालेलं भोक कडेपासून कडेपर्यंत 5.5 मिलिमीटर भरलं. त्यातून पेलेटचे साडेचार वजा केले की सगळ्या शॉट्सचे मध्य एका मिलिमीटरच्या आत आले. ग्रुप मधोमध बसवला तर त्यातला सगळ्यात वाईट शॉटसुद्धा 10.8 असेल. तुझी सरासरी 10.2 च्या जरा खाली आहे, म्हणजे पेलेट मध्यापासून दोनेक मिलिमीटर लांब जातोय. आणि 9.6 म्हणजे साडेतीन मिलिमीटर! असा ग्रुप देणारी बॅरल एवढा फरक पाडूच शकत नाही. कार्डावरचं भोक मोठं आलं आणि कुठल्याच लॉटने लहान होईना, तर मात्र रायफल दाखवून घे.
चांगला वाटलेला शॉट सारखा एकाच बाजूला जातो तेव्हा मी आधी पाय बघते. पोझिशन घे, डोळे मीट, दोन श्वास सोड, मग डोळे उघड. पुढच्या साइटची रिंग टार्गेटच्या काळ्या गोलाच्या उजवीकडे गेलेली दिसली तर तुझं शरीर उजवीकडेच रोखलेलं आहे आणि तू स्नायूंनी रायफल ओढून मध्यावर आणतेस. ट्रिगर सुटताना तो ताण सुटतो. पेलेटचा वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास, तेव्हा तो बॅरलमधून बाहेर पडेपर्यंत रायफल हलायला वेळ मिळतो. हात लावून दुरुस्त करायचं नाही, पाय सरकवायचे.
नव्या रायफलचा खरा फायदा मला स्टॉकमध्ये दिसतो: बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), चीकपीस (गालाचा टेकू), हाताखालचा आधार, वजनं, सगळं हवं तिथे आणता येतं आणि खुणा असल्यामुळे पुन्हा तिथेच बसवता येतं. एकूण वजन मात्र 5.5 किलोच्या आत हवं. लांब मानेच्या मुलींना लाकडी स्टॉकवर फार वाकावं लागतं, आणि मान अवघडली की चाळिसाव्या शॉटनंतर डोळा डायॉप्टरच्या, म्हणजे मागच्या साइटच्या बारीक छिद्राच्या, मध्यावर राहत नाही.

पाचवी लेन
ताई, ड्राय फायरला (पेलेट न भरता सराव करताना) डोळे मिटून करून पाहिलं. रिंग उजवीकडेच जाते, जवळजवळ दर वेळी. मागचा पाय सरकवल्यावर मध्यावर येऊ लागली. पण मानेचं म्हणालात ते खरं आहे, चीकपीस शेवटपर्यंत वर केलाय तरी डोकं खाली घालावंच लागतं.

कोचताई
मग दोन्ही साइटखाली राइझर (साइट उंच करणारे ठोकळे) लाव. पुढची आणि मागची सारख्याच उंचीने वर घ्यायची आणि बसवल्यावर नियमातली उंचीची मर्यादा तपासायची. साइट वर गेल्या की चीकपीस आणखी वर लागेल. तो संपला असेल तर वरून थर देता येतो. डोकं सरळ ठेवून, डोळे मिटून गाल टेकव. डोळे उघडल्यावर डायॉप्टरमधून पुढच्या साइटची नळी चारी बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. पुढची रिंगही जरा मोठी लावून बघ. फार लहान रिंगमध्ये पांढरी कड बारीक दिसते आणि शॉट सोडायचा धीर होत नाही.
हे बदल अंगवळणी पडेपर्यंत स्कोअर लिहू नकोस. एवढं करूनही मान वाकतच असेल तर नवा स्टॉक घे. काही मॉडेलसाठी तो सुटा मिळतो आणि तुझी बॅरल त्यात बसते का, ते आधी विचार. पूर्ण रायफलच घ्यायची ठरली तर मैत्रिणीची मागून, तुझ्या मापाला लावून, जॅकेट घालून सरावाचा पूर्ण वेळ ड्राय फायर कर आणि मगच पैसे भर.

छरे आणि हवा
राइझर लावल्यावर साइट पुन्हा झीरो कराव्या लागतील, म्हणजे शॉट मध्यावर पडतील अशा लावाव्या लागतील. लॉटची तुलना शक्यतो त्याआधीच उरकून घे.