एलएमओ (लँथनम मँगनाइट) फिल्ममध्ये लूप दिसतोय, हे इंटरफेसचं (दोन पदार्थांच्या सीमेवरचं) मॅग्नेटिझम आहे का?

थरावरथर: एसटीओवर (स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या सबस्ट्रेटवर, म्हणजे खालच्या आधाराच्या स्फटिकावर) पीएलडीने (लेझरने पदार्थ उडवून थर चढवायची पद्धत) एलएमओची दहा युनिट सेलची (स्फटिकाच्या दहा मूळ घरांएवढी जाड) फिल्म केलीय. बल्क (जाड तुकड्यातलं) एलएमओ १४० केल्विनच्या आसपास अँटिफेरोमॅग्नेटिक होतं (शेजारच्या अणूंची चुंबकत्वं उलटसुलट होऊन एकमेकांना खोडतात), पण माझ्या सॅम्पलमध्ये स्क्विडवर (अगदी बारीक चुंबकत्व मोजणारं यंत्र) १० केल्विनला छान हिस्टेरिसिस लूप (फेरोमॅग्नेटची, म्हणजे लोखंडासारख्या चुंबकाची खूण) येतोय. सर म्हणतात इंटरफेसवर चार्ज सरकला असणार, मला मात्र अजून पटत नाहीये. हे ठरवायचं कसं?

चुंबकवेडा: आधी सांग, सॅम्पल स्टीलच्या चिमट्याने उचलतोस का? तसं असेल तर आजच बंद कर आणि प्लास्टिकचा घे. पाच बाय पाच मिलिमीटरच्या एवढ्या पातळ फिल्मचा सिग्नल जेमतेम असतो, कडेला वीस-तीस मायक्रॉनचा लोखंडाचा एक कण चिकटला तरी तेवढाच लूप येतो. ३०० केल्विनला लूप घेऊन बघ, तिथेही तसाच राहिला तर तो एलएमओचा नाही. आणि कोरा सबस्ट्रेट त्याच तापमानातून, त्याच सिल्व्हर पेस्टसकट काढून मोजच, ते न करता पेपर लिहिणारे बघितले की खरंच वाईट वाटतं.

मँगनाइट_ताई: चिमट्याचं बरोबर आहे, पण कण नसला म्हणून लगेच इंटरफेस म्हणू नकोस रे. एलएमओमध्ये ऑक्सिजन जास्त झाला की मँगनीजचा काही भाग चार-प्लस होतो आणि अख्खी फिल्मच फेरोमॅग्नेटिक होते, म्हणून वेगवेगळ्या ऑक्सिजन प्रेशरला फिल्म कर आणि मुख्य म्हणजे जाडीची सिरीज कर. मोमेंट (फिल्मचं एकूण चुंबकत्व) जाडीबरोबर सरळ वाढत गेला तर तो आतला, जाडी वाढवूनही तेवढाच राहिला तर इंटरफेसचा. २००१ मध्ये कॅल्शियम मँगनाइट आणि कॅल्शियम रुथेनेटच्या सुपरलॅटिसमध्ये (आलटूनपालटून चढवलेल्या थरांमध्ये) असं इंटरफेसचं मॅग्नेटिझम दिसलं, दोन्हींपैकी एकही फेरोमॅग्नेट नाही पण रुथेनेटमधले इलेक्ट्रॉन पलीकडे गळतात आणि सीमेवरचा मँगनाइटचा थर फेरोमॅग्नेटिक होतो, मला हे अजूनही भारी वाटतं! तुझ्याच एलएमओ-एसटीओमध्ये मात्र २०१५ मध्ये वेगळंच निघालं, पाच युनिट सेलला अँटिफेरो आणि सहाला फेरो. म्हणजे तुझ्या सिरीजमध्ये चार ते आठ एकेक सेलने घे, मधली एकही जाडी गाळू नकोस.

थरावरथर: धन्यवाद ताई, सिरीज लावतो. अजून एक, तापमान बदलत मोमेंट मोजला की ५० केल्विनपाशी छोटा उंचवटा येतोय, तो कसला?

चुंबकवेडा: बहुतेक चेंबरमध्ये हवा शिरलीय, गोठलेल्या ऑक्सिजनचा सिग्नल तिथेच येतो. हेलियमने दोन-तीनदा पर्ज कर (हेलियम भरून आतली हवा काढून टाक) आणि परत मोज.